जवला खाणारी गाडी

दर्पणची लाल गाडी तापली नाही असा एकही रविवार हिमानीने लग्नानंतर पाहिला नव्हता. गाडी दोन माणसांची, सातव्या-आठव्या हाताची, पण स्पोर्ट्स. इंजिनात जास्तीची हवा कोंबायला सुपरचार्जर बसवलेला. मोकळ्या हायवेवर ती विमानासारखी पळायची आणि बोईसरला नवापूर नाक्याच्या गर्दीत शिरली की पाच मिनिटांत किटलीसारखी वाफ सोडायची.

दर्पण तारापूरच्या एका कारखान्यात पंपांचा इंजिनिअर. आठवडाभर कंपनीच्या मशिनी थंड ठेवायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची गाडी ढकलायचा. शेवटी त्याने कारखान्यांना हवेचे पत्र्याचे डक्ट करून देणाऱ्या जितेशला गाठले.

जितेश गाडीसमोर उकिडवा बसला, तिच्या तोंडात टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, पुढं तीन रेडिएटर एकाला एक चिकटून बसलेत. हवा कशाला एवढ्या गर्दीत घुसेल? बाजूच्या फटीतनं पळून जाते."

"मग?"

"फटी बंद करायच्या. तोंड मोठं करायचं, मागं दोन दांडगे पंखे लावायचे. आणि बॉनेटला झरोके पाडायचे, म्हणजे गरम हवा वरनं बाहेर."

तीन रविवार काम चालले. शेवटी जितेश तारेची जाळी घेऊन आला, तर दर्पणने हात आडवा धरला. "जाळी नको. जाळीनं हवा अडते."

"साहेब, काय घुसलं बिसलं तर?"

"काय घुसणार? कबुतर?"

जितेशने जाळी परत नेली.

त्याच आठवड्यात हिमानीच्या वडिलांचा, म्हणजे चिंचणीच्या बळवंत गुरुजींचा, पालघरला सत्कार ठरला. छत्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या गुरुजींचे विद्यार्थी मोठे होऊन एकत्र आले होते. शनिवारी सकाळी अकराला कार्यक्रम. गुरुजींनी आयुष्यात कधी उशीर केला नव्हता आणि दुसऱ्याचा खपवूनही घेतला नव्हता.

"बाबांना मी आणतो. माझ्या गाडीतून," दर्पण म्हणाला.

कणीक मळता मळता हिमानीने हात थांबवला. "दर्पण, दुसरा कुठलाही दिवस निवड ना रे."

"आता ती तापतच नाही गं!"

हिमानी सकाळीच पालघरला मैत्रिणीबरोबर पुढे गेली. दर्पण साडेनऊला गुरुजींच्या वाडीत पोहोचला. गुरुजी पांढरा सदरा घालून ओट्यावर तयार होते. गाडीत बसायला त्यांना आधी पाय, मग कंबर, मग डोके अशा क्रमाने आत जावे लागले.

"दर्पणराव, ही गाडी जमिनीला टेकलेली हाय का?"

"स्पोर्ट्स आहे, बाबा. खालीच असते."

"मी रिक्षा सांगून ठेवली होती. पण हिमानी बोलली, तुमाला वाईट वाटेल."

दर्पणला थोडे वाईट वाटलेच. पण तापमानाचा काटा बरोबर मध्यावर होता आणि त्या काट्याकडे पाहिले की त्याला कशाचेच फार वाईट वाटत नव्हते.

मासेमारांच्या मांगेलआळीत रस्ता अरुंद. समोरून एसटी आली. दर्पणने गाडी अगदी कडेला घेतली. कडेला प्लास्टिकवर जवला, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत पसरला होता. खडखडीत, कागदासारखा हलका. गाडीचे ठेंगणे नाक बरोबर त्याच्यावर येऊन थांबले.

एसटी अडकली. मिनिट गेले, दोन गेली. इंजिन गरम व्हायला लागले आणि जितेशचे दोन्ही पंखे एकदम पूर्ण जोरात सुरू झाले.

"बघा बाबा, आता कशी हवा खेचते!"

गाडीने हवा खेचली. हवेबरोबर जवलाही खेचला. प्लास्टिकवरून गुलाबी धूळ उठावी तसा तो सरळ गाडीच्या तोंडात जाऊ लागला. फटी सगळ्या बंद असल्यामुळे एक दाणासुद्धा इकडेतिकडे गेला नाही.

"अगे बाय! माझा जवला!" काठी उगारून साखरबाई धावत आली. ती त्या जवल्याची मालकीण. "बंद कर तुझी गाडी! खाल्लान सगला माझा जवला!"

दर्पणने घाबरून इंजिन बंद केले. पण काटा तोवर लाल पट्टीत गेला होता. बॉनेटच्या झरोक्यांतून भाजलेल्या जवल्याचा खमंग वास साऱ्या आळीत पसरला. चार मांजरी कुठून तरी आल्या आणि गाडीसमोर शिस्तीत बसल्या.

"मावशी, नुकसान मी भरून..." दर्पणने खिशात हात घातला.

"पैसं नको मला. माझा जवला काढून दे."

गुरुजींनी घड्याळ पाहिले. दहा वाजून पाच मिनिटे. ते डोके, कंबर, पाय अशा क्रमाने बाहेर आले. "साखरबाई, चुकी आमची. पण मला अकराला पालघरला पोचायचंय."

"गुरुजी तुमी? या डब्यात?" साखरबाईचा आवाज एकदम उतरला. मग तिने दोन सुनांना हाक मारली. तिघी गाडीसमोर मांडी घालून बसल्या आणि केरसुणीच्या हिराने रेडिएटरच्या पाकळ्यांतून जवला टोकरू लागल्या. दर्पण आणि गुरुजी खाली धरलेल्या सुपात तो झेलत होते. काम नाजूक होते आणि बायका सवयीच्या होत्या, तरी पाऊण तास गेला.

मग साखरबाईने बारीक मासळीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा आणला आणि गाडीच्या तोंडावर ताणून बांधला. "यातून पानी जातं, मंग हवा नाय जायाची?"

हवा गेली. काटा मध्यावरून हलला नाही. पण पालघरला पोहोचेपर्यंत पावणेबारा झाले होते.

हॉल भरलेला. छत्तीस वर्षे उशिरा येणाऱ्यांना वर्गाबाहेर उभे करणारे गुरुजी दारात थांबले. सदऱ्याला जवला चिकटलेला. पाय आत पडेना. शेवटी ते म्हणाले, "आत येऊ का?"

मग मागून कोणी तरी ओरडले, "गुरुजी, उशीर का झाला?"

दर्पणला वाटले, जमीन दुभंगावी. गुरुजींनी घसा साफ केला. "गाडीनं जवला खाल्ला."

हॉल असा हसला की हार घेऊन उभी असलेली मुलगी दचकली. गुरुजी मात्र हसले नाहीत. "खरंच सांगतोय रे," ते म्हणाले. "तुमी कारणं सांगायचात, तवा त्यातली काही खरी असतील. मी ऐकायला पायजे होती." मग त्यांच्या भाषणाला टाळ्या पडल्या त्या भाषण सुरू व्हायच्या आधीच.

पुढचे आठ दिवस त्याने सासऱ्यांना फोन केला नाही. नवव्या दिवशी गुरुजींचाच आला.

"दर्पणराव, गाडी घेऊन या. आत्ता."

"बाबा, रागावलात?"

"या तर खरं."

चिंचणीला अवकाळी पाऊस शिंपडून गेला होता. मांगेलआळीत साखरबाई ओला जवला घेऊन बसलेली, बाजूला सहा सुपे आणि गुरुजी छत्री धरून. "सुकला नाय तर कुजेल," ती म्हणाली. "तुझ्या गाडीच्या झरोक्यातनं कशी गरम हवा येते, आमी बघितलंय. लाव चालू."

तीनशे घोड्यांच्या ताकदीची गाडी दीड तास जागेवर उभी राहिली. बॉनेटवर आळीपाळीने सुपे फिरत होती. दर्पणने दर पाच मिनिटांनी आत डोकावून काटा पाहिला. मध्यावर. पाणी एकदाही उकळले नाही.

त्याने जितेशला फोन लावला. "जितेश, जमलं! गाडी तापत नाही!"

"किती स्पीडला टेस्ट केली, साहेब?"

दर्पणने सुपातला जवला हाताने पालथा केला. "शून्य," तो अभिमानाने म्हणाला.