वाचताना हलवू नका

आमच्या कँटीनमधल्या फळ्यावरचा मेनू पुसायला कोणी फडकं उचललं, की अंबादास शिरसाट दारातूनच हात वर करतो. "भाऊ, थांबा! मी वाचतोय. वाचताना हलवू नका."

वाढपी थांबतो. रांग थांबते. मागचे लोक अंबादासच्या घराण्याचा उद्धार करतात. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि म्हणतो, "हां, आता पुसा." एकदा म्हणे त्याने वरची ओळ जुनी वाचली आणि खालची नवी, आणि मटकीच्या उसळीबरोबर गुलाबजाम आहेत असं समजून रांगेत उभा राहिला. "तसं जेवण कधी नव्हतंच, भाऊ. सकाळी नव्हतं, दुपारीही नव्हतं. फक्त मला दिसलं." हे सांगताना त्याचा चेहरा भूत पाहिलेल्या माणसासारखा होतो.

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो आणि मी संगणक विभागात आहोत. अंबादास जालन्याकडचा, कुरुळीत एका खोलीत एकटा राहतो. तो लिफ्टला भितो, कुत्र्यांना भितो, पण त्याची खरी भीती डेटाबेसची. डेटाबेसमध्ये काही लिहायचं असेल तर शहाणी माणसं ते ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितात, म्हणजे सगळं होतं नाहीतर काहीच होत नाही. अंबादास नुसतं वाचायचं असलं तरी ट्रान्झॅक्शन लावायचा, तेही असं बेतून, की सगळ्या नोंदी एकाच क्षणाच्या दिसाव्यात, फोटो काढल्यासारख्या. नाहीतर एक नोंद वाचून दुसरीकडे वळेपर्यंत जग हललेलं असतं, असं त्याचं म्हणणं. जगाबद्दल त्याचं मत एकूण वाईटच आहे.

मग नवे साहेब आले. त्यांना वेगाची आवड होती आणि वेगाबद्दल बोलण्याची त्याहून जास्त.

"शिरसाट, वाचल्याने काही बदलतं का? पेपर वाचायला कोणी वकील लावतं का?"

सगळे हसले.

"बदलत नाही, साहेब. पण जे कधी नव्हतंच ते दिसतं."

"काढून टाका."

"निदान फाटकावर कार्ड लावून आत-बाहेर करणाऱ्यांच्या नोंदींचं पान तरी आहे तसं राहू द्या. आग लागली तर आत किती माणसं राहिली ते त्यावर बघतात."

"तेच तर सगळ्यात हळू चालतं!"

अंबादासने काढलं. पानं जरा लवकर उघडू लागली. साहेबांनी त्यावर भाषण दिलं, आलेखासकट. अंबादास मात्र त्यानंतर आगीचा भोंगा वाजायची वाट पाहिल्यासारखा वागायला लागला. कुठे दार आपटलं तरी उठून उभा राहायचा.

भोंगा एका दुपारी खरंच वाजला. रंगाच्या विभागातून काळा धूर येत होता. सगळे फाटकावर कार्ड लावून बाहेरच्या मैदानात जमलो. साहेबांच्या हातात टॅब होता. त्यावरचं चक्र बराच वेळ फिरलं आणि आकडा उमटला.

"शून्य! आत कोणी नाही!"

टाळ्या पडल्या. अंबादास पांढराफटक पडला होता. "साहेब, हे पान आधी आत गेलेले मोजतं, मग बाहेर आलेले. मधल्या वेळात कोणी आत जाऊन परत आला असेल तर त्याचं बाहेर येणं मोजलं आणि आत जाणं मोजायचं राहिलं. मग एक माणूस आत अडकला असला तरी शून्यच दिसणार."

"अरे भावा, आग लागल्यावर आत कोण मरायला जाईल?" कोणीतरी म्हणालं.

एका ऑपरेटरने हात वर केला. "मी गेलतो राव. गाडीची चावी फाटकाच्या आतच राहिली होती. लगेच आलो की."

साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. तोवर आगीमुळे वीज तोडली होती. चक्र नुसतं फिरत राहिलं.

"बंब येतोय. कोणी हलायचं नाही," साहेब म्हणाले.

अंबादास नावं पुकारत गर्दीतून फिरू लागला. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या सुमनबाईंचं नाव त्याने घेतलं, पुन्हा घेतलं. ओ आली नाही. तो धुराकडे बघत उभा राहिला. मग तो पळाला. मला वाटलं, रस्त्याकडे पळतोय. तो शटरखालून वाकून आत गेला.

आम्ही सगळे टॅबवरच्या चक्राकडे बघत राहिलो.

दोघं बाहेर आले ते खोकत, काजळी माखलेले. सुमनबाई मागच्या कपडे बदलायच्या खोलीत अडकल्या होत्या. "सोड की रं हात आता, मनगट मोडशील!" त्या ओरडत होत्या. तो सोडत नव्हता.

साहेब जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शिरसाट, ते सगळं परत लावा." अंबादासने होकारार्थी मान हलवली. मी त्याला पाण्याची बाटली दिली. दोन घोट घेऊन त्याने मला विचारलं, "भाऊ, मी आत होतो, तेव्हा इथं कोणी माझं नाव घेतलं का?"

"आम्ही टॅबकडे बघत होतो," मी म्हणालो.

"मी घेत व्हते की," सुमनबाई म्हणाल्या. "हात धरलास तरी आत कायबी दिसत न्हवतं. सारखी हाक मारत व्हते. अंबादास, हाय का? अंबादास, हाय का?"

तो बाटलीचं झाकण लावायला गेला. झाकण बसेना. सुमनबाईंनी बाटली काढून घेतली, झाकण लावलं आणि परत त्याच्या हातात दिली.