दौलततात्यांची बंद पडणारी फोर्ड

बारामतीहून इंदापूर किती लांब, असं कुणी विचारलं तर दौलततात्या मैलांत उत्तर देत नसत. "पाच पानं," ते सांगत. म्हणजे बारामतीच्या वेशीवर पहिला विडा तोंडात टाकायचा, तो संपला की दुसरा, आणि पाचव्याची पिंक इंदापुरात टाकायची. निमगाव केतकी चार पानं. कळस जवळच, "पन वाट खराब हाय, सुपारी जरा जास्त घ्या." मोटारींच्या शर्यती भरवणारा हा माणूस घड्याळ वापरत नसे. त्यांच्या शेजारी घड्याळ आणि वेळेचा तक्ता मांडीवर घेऊन मी बसत असे. माझं घड्याळ आणि त्यांचा विडा यांचं जमलं नाही की दोष घड्याळाकडे जाई.

"मास्तर, किल्ली द्या त्याला. पान कदी चुकत न्हाय."

मी तेव्हा बारामतीच्या हायस्कुलात गणित शिकवायचो. तिशी गाठली नव्हती. स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती. तात्या पन्नाशीला टेकलेले. कालव्याच्या पाण्यावर त्यांची मोसंबीची बाग होती, आणि दारात एक जुनी उघडी फोर्ड. पांढरं धोतर, काळा कोट, आणि धूळ लागू नये म्हणून फेट्याचा शेमला तोंडावरून गुंडाळलेला. गाडीत बसले की फक्त डोळे दिसत. समोरून येणारे गाडीवान आधी बैल आवरत आणि मग रामराम घालत.

मोटारवाल्यांचं मंडळ काढायची कल्पना त्यांचीच. सुरुवातीला चारच गाड्या होत्या: तात्यांची फोर्ड, मोसंबीचे व्यापारी बबनराव यांची मिलिटरी डिस्पोजलमधली जीप, आणि आणखी दोन, ज्यांना गाडी म्हणायचं ते मालकांच्या समाधानासाठी. शर्यत वेगाची नसे. बारामतीहून निघायचं आणि इंदापूरला ठरल्या मिनिटाला पोचायचं. उशीर झाला तर गुण कमी, लवकर पोचलं तरी कमी. हे नियम तात्यांनी पुण्याला कुठंतरी पाहिले होते. त्यांत त्यांनी दोन स्वतःचे घातले. पहिला, वाटेत मेंढरं आडवी आली की घड्याळ थांबवायचं. या नियमाचा फायदा घेऊन ते धनगराच्या घरच्यांची, कुत्र्याची आणि नव्या कोकरांची चौकशी करत. दुसरा नियम असा की एकाची गाडी बंद पडली तर बाकीच्यांनी थांबायचं. "टाकून जायाचं न्हाय कुनाला," ते बजावत. "टाकून जायाला एसटी हाय की."

आणि बंद पडायची ती त्यांचीच गाडी. निमगावच्या अलीकडे एक ओढा होता. ओढा ओलांडून दोनेक फर्लांग गेलं की रस्त्याकडेला मोठी चिंच होती. त्या चिंचेखाली फोर्ड दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. तात्या खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे, एक नळी सोडवून तिच्यात फुंकर मारायचे आणि जाहीर करायचे, "कचरा आलाय पेट्रोलात. तासभर मोडनार. बसा."

मग योगायोगानं त्यांच्या गाडीच्या मागच्या बाजूला भाकरींची चळत निघे. योगायोगानं भरीत निघे, ठेचा निघे, दह्याचं मडकं निघे, आणि योगायोगानं सगळ्यांना पुरतील एवढ्या पत्रावळीही निघत. भाकरी त्यांनी स्वतः थापलेल्या असत आणि त्यांचा त्यांना फार अभिमान. कडा जाड, मध्ये कच्च्या.

"तात्या, ही भाकरी टायरच्या आत घातली तर पंक्चर व्हायचं नाही," बबनराव म्हणायचे.

"खा आदी. न्हाईतर तुझ्याच टायरात घालतो."

जेवणं झाली, थोडं आडवं होणं झालं की तात्या पुन्हा नळीत फुंकर मारत आणि फोर्ड चालू होई. इंदापूरला आम्ही पोचायचो तेव्हा वेळ नोंदायला बसलेला माणूस घरी गेलेला असे.

चार गाड्या होत्या तोवर हे सगळं गमतीचं होतं. पुढं मंडळ वाढलं. ऊस आला, पैसा खुळखुळायला लागला, आणि दोन-तीन वर्षांत अकरा गाड्या झाल्या. आता तात्यांचा थांबायचा नियम अंगाशी येऊ लागला. अकरांत कुणाची ना कुणाची गाडी रुसलेलीच. एकदा तर आम्ही सकाळी निघालो आणि दिवेलागणीला निमगाव गाठलं, कारण सात पंक्चर झाली होती आणि प्रत्येकाला बाकीचे दहा जण सल्ला देत होते. नव्या लोकांत जयसिंग म्हणून एक तरुण होता. शेतकी कॉलेजात शिकून आलेला, नवी काळी फियाट, बोलायला गोड आणि कामाला चोख. त्यानं छापील तक्ते आणले, गाड्यांना नंबर रंगवले. पुण्याच्या एका मोटार क्लबाशी पत्रव्यवहारही त्यानंच केला. उत्तर आलं की पुढच्या मोठ्या शर्यतीला तीन गाड्या पाठवा, मात्र आधी तुमच्या शर्यतींच्या वेळा कळवा.

कळवायला आमच्याकडे वेळाच नव्हत्या. माझे तक्ते भरिताच्या डागांनी भरलेले.

आता माझ्याबद्दल सांगतो. जे सांगायचं इतकी वर्षं टाळलं, ते इथून सुरू होतं.

मी गणिताचा माणूस. एकच गाडी एकाच झाडाखाली चौथ्यांदा बंद पडते तेव्हा तो योगायोग राहत नाही, एवढं मला कळत होतं. मंडळ चार गाड्यांचं होतं तेव्हाच, पाचव्या खेपेला, मी घड्याळाकडे न बघता तात्यांच्या हाताकडे बघत बसलो. ओढा ओलांडताच त्यांचा डावा हात सहज डॅशखाली गेला आणि पेट्रोलचा पितळी कॉक त्यांनी बंद केला. नळीत उरलेल्या पेट्रोलवर फोर्ड बरोबर चिंचेपर्यंत गेली. अंदाज इतका पक्का की माझ्यातल्या मास्तरानं मनात त्यांना पैकीच्या पैकी दिले.

बाकीचे हातपाय धूत होते. मी हळूच म्हणालो, "तात्या, कॉक बंद आहे."

ते दचकले नाहीत. बॉनेटमध्ये डोकं तसंच ठेवून म्हणाले, "तुमाला लई दिसतं, मास्तर."

"पण कशासाठी?"

बराच वेळ ते नळी पुसत राहिले. मग म्हणाले, "घरची गेल्यापास्नं एकल्याला घास उतरत न्हाय. ताट वाढून घेतो आन् झाकून ठिवतो. हितं समदी मांडीला मांडी लावून बसत्यात, एकमेकाच्या पानातलं वढत्यात. तवा जेवतो मी. म्हैन्यातनं एकदा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नुसतं 'थांबा, जेवू' म्हनलं तर कोन थांबतंय? गाडी बंद पडली तर थांबत्यात. कुनाला बोलू नगा."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

पुण्याच्या पत्रानंतर बबनरावांच्या मोसंबीच्या वखारीत बैठक भरली. पुढारीपण कुणाकडे असावं, हाच खरा विषय होता; पण तोंडावर कुणी बोलेना. शेवटी जयसिंगनंच वाट काढली. तो म्हणाला, "तात्या वडील आहेत, पुढंही तेच राहतील. दोष त्यांचा नाही, गाडीचा आहे. आपण सगळे मिळून फोर्डचं इंजिन उतरवू, नीट करू. मग पुण्याला पहिला नंबर तात्यांचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्यांचा चेहरा उजळला आणि लगेच कसनुसा झाला. नीट असलेलं इंजिन अकरा जण मिळून उतरवणार होते.

तिथं विषय संपला असता. पण मला पुण्याला जायचं होतं. वर्तमानपत्रात नाव यावं, शाळेत हेडमास्तरांनी ते मोठ्यानं वाचावं, अशी माझी साधी, क्षुद्र हौस होती. इंजिन दुरुस्त झालं तरी फोर्ड चिंचेखाली थांबणारच, हे त्या वखारीत दोघांनाच माहीत होतं.

मी म्हणालो, "इंजिनाला काही झालेलं नाही. तात्या कॉक बंद करतात. ओढ्यापाशी. दर वेळी."

असा हशा उसळला की मोसंबीच्या राशीवरून चार फळं घरंगळली. बबनराव मांडीवर थापा मारत ओरडले, "अरं तात्या! अरं लबाडा! आन् तू फुंकर मारीत होतास व्हय रं? आमी बी आलटून पालटून फुकलं की त्या नळीत!"

हसू ओसरल्यावर जयसिंगनं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "पण का हो, तात्या?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. उत्तर मला ठाऊक आहे, तर मीच ते दोन शब्दांत सांगावं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. स्वतःच्या तोंडानं 'मला एकट्याला जेववत नाही' असं अकरा पुरुषांसमोर कोण सांगणार? मी सांगितलं असतं तर ती माणसं वाईट नव्हती. बबनराव तर रडलेच असते. पण मी तक्त्याचे कोपरे जुळवत बसलो. मी खोटं काही बोललो नाही. फक्त खऱ्याचा अर्धा भाग सांगितला आणि अर्धा ठेवून घेतला.

"खोड हाय म्हातारपनाची," तात्या हसून म्हणाले. "दुसरं काय." आणि त्यांनी स्वतःच जयसिंगचं नाव सुचवून पहिला हात वर केला.

पुढच्या शर्यतीला मी जयसिंगच्या फियाटमध्ये, सर्वांत पुढच्या गाडीत, बसलो होतो. मंडळानं थांबण्याचा नियम रद्द केला होता. तात्या शर्यतीत नव्हते. ओढा ओलांडला आणि चिंच दिसली. खाली फोर्ड उभी होती. बॉनेट मिटलेलं, आणि इंजिन चालू. धुराड्यातून धूर येत होता. पत्रावळी मांडलेल्या, त्यांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खडे ठेवलेले. रस्त्याच्या कडेला तात्या दोन्ही हात वर करून उभे. तोंडावर शेमला नव्हता. "ए पोरांनो! थांबा की रं घटकाभर!"

जयसिंगचा पाय ब्रेककडे गेला. तो भला मुलगा. "मास्तर, थांबायचं का?"

मी घड्याळ पाहिलं. "मिनिटाला बरोबर आहोत," मी म्हणालो.

तो पुढे गेला. पुढची गाडी गेली म्हणून मागच्या नऊही गेल्या, भोंगे वाजवत, हात हलवत. त्यांना ती तात्यांची आणखी एक गंमत वाटली.

आमचा पहिला नंबर आला. सोमवारी मधल्या सुट्टीत तात्या शाळेत आले. कडेवर मोसंब्यांची करंडी. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

"पयला नंबर म्हनं! झ्याक झालं, मास्तर. आता पुनं."

मला वर बघवेना. तेच पुढं म्हणाले, "काल चिंचेखाली हुबा हुतो मी. तुमाला दिसलो नसंन. धूळ किती ती! त्या रस्त्याला समोरचा मानूस दिसत न्हाय. व्हय का न्हाय?"

"होय तात्या," मी म्हणालो. "धूळ फार होती."

"तेच म्हनलं मी," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

धूळ मागच्या गाड्यांना लागते. आम्ही सर्वांत पुढे होतो, आणि आमच्यासमोरचा रस्ता इंदापूरपर्यंत स्वच्छ होता. पुढच्या गाडीतून काय काय दिसतं, हे तात्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? इतकी वर्षं पुढे तेच असायचे.