आग्रहाचे दिवस

आमच्या घाटकोपरच्या चाळीतून कोकणात जाणारा माणूस बोटीचं तिकीट नंतर काढी, आधी परबांना विचारी, "किती दिवस राहू?"

परब मालवणाकडचे. पन्नाशी उलटलेले, एकटे, एका कारखान्यात टाइमकीपर. दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपता टिपता त्यांना ही विद्या साधली असावी. किनाऱ्यावरच्या कुठल्या गावात, कुणाच्या घरी किती रात्री काढाव्यात, हे ते डोळे मिटून सांगत. "विहीर दाराशी आसा? मग एक दिवस वाढवा. फणस पिकलो आसा? आणखी एक. घरात म्हातारो घोरता? मग दोन कमी करा."

आणि मुख्य नियम वेगळाच. "चार दिवस रवाचे आसले तर तोंडान दोनच सांगा. उरलेले दोन आग्रहाचे. यजमानाक आग्रह करूक जागा नको?"

मी घाटावरचा. आमच्याकडे पाहुणा चार दिवस म्हणाला की चार दिवसांचं पीठ दळून आणतात. मला हा सगळा चावटपणा वाटे, आणि मी त्यांना तोंडावर हसतही असे. पण बायकोची मावशी देवबागला. त्या मे महिन्यात आम्ही जायचं ठरवलं तेव्हा परबांनी बजावलं, "दोन सांगा, पाच रवा."

मी दोन सांगितले. तिसऱ्या दिवशी निघायला उठलो तर मावशीनं माझी छत्री लपवली. चौथ्या दिवशी तिच्या यजमानांनी दारात आलेला गाडीवान परस्पर पिटाळला. बरोबर पाच दिवस भरले. मी मनातल्या मनात परबांना हात जोडले.

परब आमच्या तीन दिवस आधीच गावी भावाकडे गेले होते. अकरा दिवस राहणार, असं त्यांनी चाळभर सांगितलं होतं. दरवर्षीचा त्यांचा आकडा तोच.

परतताना बोटीला एक दिवस अवकाश होता, म्हणून आम्ही मालवण बंदराजवळच्या धर्मशाळेत उतरलो. ओसरीवर एक गृहस्थ पंचा वाळत घालत होते. वळून पाहिलं तर परब! तिथला राखणदार त्यांना 'काका' म्हणत होता, म्हणजे मुक्काम जुना होता.

"आज सातवो दिवस," ते खाली बघत म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुतण्याची बायको नवी, पुण्याकडची, गुणाची पोर. परबांनी नेहमीसारखे दोन दिवस सांगितले आणि तिनं ते खरेच धरले. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं लाडू बांधून दिले, बैलगाडीही सांगून ठेवली.

"मी जोडे घालीत होतंय, आणि वाट बघी होतंय. कोण तरी म्हणतला, आज रव. भाऊ म्हणालो, बोट चुकतली, बेगीन नीघ." परबांनी दोरीवरचा पंचा सारखा केला. "आई आसताना दोन दिवसांचे अकरा होत."

"मग तुम्हीच सांगायचं ना, मला राहायचंय म्हणून!" माझी बायको कळवळून म्हणाली.

"आपल्याच घरात, वैनी? मागून घेवन रवाचा?"

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या विद्येला इतकी वर्षं हसलो, त्याचंही. उद्या आमच्याबरोबर बोटीनं चला, असा आम्ही पुष्कळ आग्रह केला. पण अकराला अजून दोन दिवस कमी होते, आणि लवकर परतलो तर चाळीत काय सांगू, हे एकच त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी आम्हाला बोटीपर्यंत नेणारा पडाव निघाला तेव्हा ते वाळूत उभे राहून हात हलवत होते. बायकोनं तोंड फिरवलं.

पुढे ठरल्या दिवशी परब परतले. संध्याकाळची वेळ, सगळी चाळ गॅलरीत. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय परब, इतक्यात आलात? भावानं सोडलं कसं तुम्हाला?"

खोलीच्या कुलपाला लावलेला त्यांचा हात थांबला.

"सोडी नव्हते हो," ते म्हणाले. "नवी सून तर रडाक लागली."

कुलूप केव्हाच उघडलं होतं. तरी ते आमच्याकडे पाठ करून बराच वेळ किल्ली फिरवत राहिले.