वॉलेस डन्स्टनची बचत

ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटन नगरपरिषदेच्या खरेदी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या वॉलेस डन्स्टनने आयुष्यात एकही वस्तू पूर्ण किमतीला घेतली नव्हती; ना खात्यासाठी, ना घरासाठी. निवृत्तीनंतर फोनवर मासे पकडण्याचा खेळ घेतला, तोही फुकट असल्याची दोनदा खात्री करून.

अकरा दिवस खेळ फुकट राहिला. बाराव्या दिवशी जाळं फाटलं. नवं विणायला नऊ तास लागतील, असं खेळाने नम्रपणे कळवलं. किंवा वीस डॉलरचं तयार जाळं, आज फक्त दोनला. खाली घड्याळ उलटं धावत होतं. वीसची वस्तू दोनला नाकारणं सेवाकाळातल्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. वॉलेसने ते घेतलं.

जाळं मोठं म्हणून मासे जास्त, मासे जास्त म्हणून टोपली अपुरी. टोपलीवर सत्तर टक्के सूट होती. टोपली भरली तशी होडी कलंडू लागली, होडीवर साठ. अडचण खेळच निर्माण करी आणि तिच्यावर सवलतही खेळच देई. इतका तत्पर पुरवठादार वॉलेसला अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता.

ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोने, मॉरीनने, बँकेचा कागद टेबलावर ठेवला.

"चार हजार एकशे डॉलर. कशाचे रे हे?"

"गेले किती ते काय विचारतेस? वाचले किती ते विचार."

"बरं. किती वाचले?"

"एकोणतीस हजार."

मॉरीनने चष्मा काढला. "मग त्यातून माझे दात करून घेऊ. सहा महिने एका बाजूने चावतेय. कुठे ठेवलेत?"

वॉलेसने खेळाच्या मदत कक्षाला रीतसर लिहिलं: ही जाळी मूळ किमतीला आजवर कोणी घेतली, त्याची नोंद द्यावी. तासाभरात उत्तर आलं. मूळ किमतीला आजवर एकही विक्री झालेली नाही. आपल्यासारख्या चोखंदळ ग्राहकाला झालेल्या मनस्तापाबद्दल नव्या गलबतावर ऐंशी टक्के सूट.

ते वाचून त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने खेळ पुसून टाकला, आणि मॉरीनच्या दातांसाठी अंगणातली खरी, पत्र्याची होडी विकायला काढली. फाटकावर पाटी लावली: तीन हजार डॉलर.

तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. शेजारचा नेव्हिल तेवढा रोज कुंपणावरून विचारी, "काय वॉली, आज फोनमध्ये काय गावलं? दोन तळून पाठव की इकडे. चार हजार घातलेस म्हणे. अक्कल तेवढी पूर्ण किमतीला घ्यायची होतीस."

चौथ्या शनिवारी वॉलेसने पाटी पुसली आणि नवी लिहिली: मूळ किंमत आठ हजार. आज फक्त चार. सूर्यास्तापर्यंत.

जेवणाच्या वेळेपर्यंत फाटकाशी सात माणसं हुज्जत घालत होती. नेव्हिल कुंपण ओलांडूनच आला.

"माझ्या नावावर ठेव."

"तुला तर पाण्याची भीती वाटते."

"चार हजार वाचतायत, वॉली. भीतीचं काय घेऊन बसलास?"

वॉलेसने पैसे मोजून घेतले. मॉरीनचे दात छान बसले.

फाटकाशी जमलेल्या त्या सातांत आपण नव्हतो, हे खरं. पाटी आपल्या रस्त्यावर लागली नव्हती, इतकंच.