अप्पांची ओरिजनल शिडी

सीडीला हात लावण्याआधी साबणाने हात धुणारा माणूस मी एकच पाहिला. तेलगावचे काशिनाथअप्पा. स्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ आणि भिंतीला भिंत लावून माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान. लग्नाचं शूटिंग अप्पा करायचे, सीडी माझ्या कॉम्प्युटरवर निघायची. कपाळावर भस्माचे ठळक पट्टे ओढलेले अप्पा यायचे, हात धुवायचे, कोरी सीडी दोन बोटांनी कडेला धरून उजेडात न्यायचे, तिच्यात बघून आधी मिशा सारख्या करायचे आणि मग म्हणायचे, "हां, घाल आता मशिनीत."

सीडीला ते 'शिडी' म्हणायचे. "आज दोन शिड्या काढायच्यात बे!" असं ते रस्त्यातून ओरडले की नव्या माणसाला वाटायचं, घराला रंग द्यायचं काम निघालंय.

पण एकदा आष्टीकडच्या एका लग्नाची सीडी द्यायला गेले आणि अप्पांचा पार कचरा झाला. नवरदेवाच्या मामाने सीडी उलटसुलट करून पाहिली. वर मी मार्करने 'शुभविवाह' लिहिलं होतं. मामाने ती परत दिली. "ही डुप्लिकेट आहे. ओरिजनल आणा."

"अवो, मीच काढली हाय! मंग डुप्लिकेट कावून?"

मामा ऐकेनात. अप्पा ती सीडी घेऊन तसेच दुकानी परतले.

तेवढ्यात दिंद्रुडचे बाबासाहेब आले. मोठे बागायतदार, अप्पांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न पुण्याच्या घरात झालं होतं, शूटिंग अप्पांचंच. बाबासाहेब म्हणाले, "अप्पा, सत्यनारायणाला पुण्याचे सोयरे यायलेत. त्यांच्या हातात मार्करची सीडी न्हाई द्यायची. न्हाई जमलं तर धाकट्या दोघींच्या लग्नाला मी बीडचा माणूस बोलावतो."

"कंपनीवानी देतो," अप्पा म्हणाले. हा शब्द त्यांनी पुढचे आठ दिवस माझ्या कानाशी घोकला.

आम्ही चिकट कागदावर नवरा-नवरीचा फोटो छापला, वाटी उपडी ठेवून गोल कापला. मधलं भोक पाडलं तर नेमका नवरदेवाचा चेहरा गेला. दुसऱ्या वेळी फोटो जरा सरकवला, तर नवरीचं नाक गेलं. अप्पा ते भोक बराच वेळ बघत राहिले. "दोघांला जरा लांब लांब उभं कर," ते म्हणाले. मी कॉम्प्युटरवर फोटो कापून दोघांना दोन बाजूंना नेलं, मधे हार ठेवले. भोक बरोबर हारांच्या मधोमध आलं.

मग चिकटवायची पंचाईत. कागद केसभर सरकला की सीडी मशीनमध्ये पिठाच्या गिरणीसारखी घरघरायची. चार सीड्या वाया गेल्या. पाचव्या वेळी अप्पांची नजर कोऱ्या सीड्यांच्या डब्यातल्या उभ्या दांडीवर गेली. त्यांनी सीडी दांडीत ओवली, वरून कागद ओवला, हळूच खाली सोडला आणि वाटीच्या बुडाने मधून कडेकडे दाबत नेला. एक बुडबुडा नाही. मशीनमध्ये घातली तर आवाजच नाही. अप्पा माझ्या पाठीत धपाटा घालून ओरडले, "लई झ्याक!"

सीडीच्या प्लॅस्टिकच्या डबीत रंगीत कव्हर बसलं तरी त्यांचं समाधान होईना. साडीच्या दुकानातून त्यांनी पारदर्शक कागद आणला, डबीला घट्ट गुंडाळून कडांवरून इस्त्री फिरवली. वर बिस्किटाच्या पुड्याला असते तशी लाल पट्टीही लावली, ओढून फोडायला.

सत्यनारायणाला मीही गेलो होतो. पुण्याच्या व्याह्यांनी डबी हातात घेतली, दोनदा फिरवली. "मुंबईच्या कंपनीकडून करून घेतलीत का?"

"न्हाई जी. तेलगाव," अप्पा म्हणाले. छाती इतकी फुगली होती की सदऱ्याचं बटण ताणलं होतं.

सीडी लावायची म्हणून बाबासाहेबांनी लाल पट्टीला नख लावलं, तर विहीणबाई ओरडल्या, "अहो, फाडू नका! किती छान दिसतेय!" आता बघायचं काय? अप्पांनी शांतपणे खिशातून दुसरी सीडी काढली. "ती ठिवायला. ही बगायला."

धाकट्या दोघींची लग्नं तिथल्या तिथे अप्पांना मिळाली.

पुढच्या आठवड्यात अप्पा एका जोडप्याचा फोटो घेऊन आले. त्यांची एकुलती एक मुलगी कल्पना, चार वर्षांपूर्वी लातूरला दिलेली, आणि जावई. "ह्याचं पन कव्हर कर."

मी कव्हर छापलं. म्हटलं, "लग्नाची कॅसेट आणा, सीडीही काढून देतो."

"कॅसेट न्हाई."

"तुमच्या घरच्या लग्नाची? कावून अप्पा?"

"दुसऱ्याच्या हाती कॅमेरा द्यायला जीव धजला न्हाई. म्हनलं, मीच घेतो. आन मांडवात पोरीनं माझा हात धरला, तो सोडलाच न्हाई."

त्यांनी रिकाम्या डबीत कव्हर सरकवलं, पारदर्शक कागद लावला, सगळं रुमालात गुंडाळलं. समोर लातूरची गाडी लागली होती.

"अप्पा, आत काहीच नाही. ती विचारील."

"तिला ठावं हाय," अप्पा म्हणाले आणि गाडीत चढले.