फुकटचे रुमाल

मी आयुष्यात कुणाचं काही फुकट घेतलं नाही. एकदाच घेतलं, आणि त्यापायी या वयात मला समुद्रापार जावं लागलं.

जपानातल्या आमच्या तोयोहाशी स्टेशनाबाहेर एक मुलगी कागदी रुमालांची पाकिटं वाटत होती. उन्हाळा होता. घाम डोळ्यांत उतरत होता. मुलीनं पाकीट पुढे केलं. एरवी असल्या हाताकडे मी बघतही नाही. त्या दिवशी घेतलं, घाम पुसला आणि घरी आलो.

किकुयोनं (ही माझी बायको) पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"अहो, यात जाहिरात आहे. इंग्रजी बोलायला शिकवणारी शाळा. पहिला धडा मोफत."

"टाकून दे."

"टाकून कसं देऊ? रुमाल वापरलात ना? कुणाचं फुकट घेत नाही म्हणता, मग एकदा जाऊन बसून या. उपकार फिटतील."

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मला राग आला. (मला राग बहुधा अशाच वेळी येतो.) दुसऱ्या दिवशी गेलो.

मी कौलं बसवणारा माणूस. मिसरूड फुटायच्या आधी शाळा सोडून छपरावर चढलो, तो गुडघ्यांनी साफ नकार दिला तेव्हाच खाली उतरलो. छपरावर बोलायला कावळे असतात. त्यांच्याशीही मी कामापुरतंच बोलायचो.

शाळेच्या मॅनेजर मिझुनोबाईंनी मला एका काचेच्या खोपटात बसवलं. भिंतीवर पाटी होती. 'येथे फक्त इंग्रजी. शिक्षकांना जपानी येत नाही.'

"अडलं तर?" मी विचारलं.

"अडलं तरी इंग्रजीतच अडायचं," मिझुनोबाई म्हणाल्या आणि दार लावून गेल्या.

मास्तर आला. डंकन नावाचा, न्यूझीलंडचा. लाल दाढी, आणि गुडघे इतके लांब की टेबल उचललं जायचं. त्यानं माझं नाव विचारलं. मी काजिता म्हटलं. त्याला आडनाव नको, नाव हवं होतं. गेन्झो म्हटलं.

"हाय, गेन!"

उभ्या संसारात बायकोनं मला नावानं हाक मारलेली नाही. या नातवाच्या वयाच्या पोरानं बसल्याबसल्या माझं नाव अर्धं कापून टाकलं.

"हाऊ आर यू, गेन?"

"फाईन."

"हाऊ वॉज युअर वीकेंड?"

"फाईन."

"डू यू लाइक बेसबॉल?"

"फाईन."

इथे माझं इंग्रजी संपलं. धडा संपला नव्हता.

गप्प बसायची मला सवय आहे. पण काचेच्या पेटीत, विकायला ठेवलेल्या माशासारखं गप्प बसणं वेगळं. शेवटी मी आपला आपल्याच भाषेत म्हणालो, "उकाडा फार आहे."

मास्तरनं मान हलवली.

"बायको लोणच्यात मीठ फार घालते."

मास्तरनं जास्तच गंभीरपणे मान हलवली. माझ्या बोलण्यावर इतकी मनापासून मान हललेली मी कधी पाहिली नव्हती. आणि त्याला तर एक अक्षर कळत नव्हतं! कावळ्यासारखाच, पण वागायला चांगला. मी जाताना वर्षभरासाठी नाव घालून टाकलं.

"दर गुरुवारी जाणार," घरी येऊन मी जाहीर केलं.

"बरं झालं," किकुयो म्हणाली. चहा ओतताना तिचा हात जरा हलला. हसू दाबलं की तिचा हात हलतो. पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

गुरुवारमागून गुरुवार मी बोलत राहिलो. गुडघ्यांबद्दल बोललो. कौलं सोडून पत्रे घालणाऱ्या हल्लीच्या लोकांबद्दल बोललो. मग एक दिवस मुख्य गोष्ट तोंडातून निघाली.

आमची मुलगी चिहारू कॅनडात असते. तिला हिवाळ्यात पहिलं मूल व्हायचं होतं. किकुयो बाळंतपणाला जाणार होती. "मी म्हणते जावं," एवढंच म्हणाली. परत कधी येणार, ते म्हणाली नाही. आमच्या गल्लीतल्या एकाची बायको, तो निवृत्त झाल्यावर, चार दिवस बहिणीकडे जाते म्हणून गेली. मग तिचा नवा पत्ताच आला. हल्ली बायका निवृत्त नवऱ्याला बुटाला चिकटलेलं ओलं पान म्हणतात. झटकलं तरी सुटत नाही.

"विचारावं तर माणूस घाबरला असं दिसतं," मी मास्तरला सांगितलं. "न विचारावं तर झोप लागत नाही. तिनं परत यावं असं घरात आहे तरी काय? मी आहे आणि मुळ्याचं लोणचं आहे. लोणचं ती बरोबर नेईल."

मास्तरनं मान हलवली नाही. नाक पुसलं. मला वाटलं, त्याला सर्दी झाली असेल.

त्या रविवारी सर्दी किकुयोला झाली आणि तिनं मला बाजारात मासे आणायला धाडलं. मी जन्मात मासे आणले नव्हते. मासळीवाल्या ओत्सुनेआजींच्या दुकानासमोर एक लाल दाढी उभी होती आणि तारस्वरात भांडत होती.

"आजी, या बांगड्यानं परवाच डोळे मिटलेत! मला काय शेंडी लावतेस?"

"दाढीवाल्या, तुझ्या देशापासून पोहत आलाय तो. दमलाय बिचारा!"

"मग निजू दे त्याला. तो शेजारचा दे, जागा आहे तो."

आणि हे सगळं अस्सल आमच्या भागातल्या जपानीत, ओत्सुनेआजींच्या हेलात. मी पिशवी धरून उभाच राहिलो. मास्तर वळला. लाल दाढीमागचा चेहरा पांढराफटक झाला. भर बाजारात तो कमरेत वाकला.

"काजितासान, माफ करा!"

"तुला सगळं कळत होतं?"

"सगळं."

"लोणच्याचं?"

"लोणच्याचं पण."

"आणि ते... परत येण्याचं?"

तो बांगड्याकडे बघत राहिला.

"शाळेत कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "नोकरी जाईल माझी. मास्तरला जपानी येतं म्हटलं की लोक इंग्रजी बोलतच नाहीत."

"कोण असं करतं?"

तो मासे निवडू लागला. सभ्य मुलगा आहे.

"ठीक आहे," मी म्हणालो. "मी तुझं कुणाला सांगणार नाही. तू माझं कुणाला सांगायचं नाहीस. तुझ्या वर्गात कुणी काहीही बोलो, ते कुणाजवळ काढायचं नाही. शब्द?"

"शब्द," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी मी तोंड घट्ट मिटून बसलो. आठवडा फाईन होता. बेसबॉल फाईन होतं.

आणि घरी आलो तर किकुयो म्हणते, "मीपण नाव घातलं हो शाळेत. मंगळवारी. तुमचेच मास्तर. कॅनडात दुकानात तरी बोलता यायला नको?"

तिला सावध करावं असं फार वाटलं. पण शब्द दिला होता. (माझा शब्द मी मोडत नाही. यातून मला आजवर एकदाही फायदा झालेला नाही.)

ती मंगळवारी जायची. येताना चेहरा हलका असायचा. मग जेवताना माझ्याकडे बघत बसायची. काहीतरी होणार आहे असं बघायची. माझ्या रिकाम्या कपाकडे बघायची, मोरीकडे बघायची, परत माझ्याकडे. मी बसलेलो. मग तिचा चेहरा दुकानाच्या शटरसारखा खाली यायचा. दर मंगळवारी हेच. सूप पातळ होत गेलं.

ही आता निघालीच, असं मला वाटू लागलं. तिच्या मनातलं एकाला ठाऊक होतं, पण तो काचेत बसला होता.

"मास्तर, ती मंगळवारी काय बोलते?"

"सॉरी, गेन. आय डोन्ट अंडरस्टँड जपानीज."

काचेबाहेरून मिझुनोबाई जात होत्या. मी रविवारी त्याला मासळीच्या दुकानात गाठलं.

"आता बोल."

"नाही सांगता येत, काजितासान. शब्द दिलाय."

"मीच घेतलाय तो! मीच सोडतो!"

"त्यांचं बोलणं तुम्ही कसं सोडणार?" तो अगदी रडकुंडीला आला. "एवढंच सांगतो. तुम्ही त्यांना विचारा."

"काय विचारू?"

"काहीही विचारा हो!"

"पोराचं ऐका," मासे कापता कापता ओत्सुनेआजी म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक होतं, मी विचारलं नाही. मी विचारणाऱ्यातला नाही, हेच तर दुखणं होतं.

शरद ऋतू संपता संपता मिझुनोबाईंनी प्रवाशांसाठी खास धडा ठेवला. विमानतळावरच्या बोलण्याचं नाटक. त्या स्वतः कोपऱ्यात पेन घेऊन बसल्या, मास्तर नीट शिकवतो का ते बघायला. मास्तरनं किकुयोला प्रवासी केलं आणि मला मुद्दाम बोलावून पलीकडच्या देशातला अधिकारी. चेहरा तसाच आहे म्हणाला. माझ्या हातात कार्ड दिलं. त्यावर मी विचारायचे प्रश्न होते. मी जे इतके दिवस विचारलं नव्हतं ते सगळं तिथे ओळीनं छापलेलं होतं.

(पुढचं इंग्रजीत झालं. जसंच्या तसं दिलं तर शाळेची अब्रू जाईल, म्हणून सरळ करून लिहितो.)

"कशासाठी चाललात?"

"मुलीसाठी. बाळासाठी."

"किती दिवस राहणार?"

किकुयोनं माझ्याकडे बघितलं. "अजून ठरलं नाही."

"एकट्याच आहात?"

"तेही ठरलं नाही. मी कधीची वाट बघतेय."

हे कार्डावर नव्हतं. मी पुढच्या प्रश्नावर गेलो.

"सामान किती?"

"एकच," किकुयो म्हणाली. "जुनं आहे. फार जड आहे. कुलूप गंजलंय, उघडत नाही. न्यावं की ठेवावं, कळत नाही."

इथे मी आयुष्यातलं पहिलं लांब इंग्रजी वाक्य बोललो. कार्डाची मदत न घेता.

"जड सामान चालत नाही. इथेच सोडून जा."

शाबासकीसाठी मी मास्तरकडे बघितलं. त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं.

"सोडून जाऊ?" किकुयो उभी राहिली. आता ती आमच्या भाषेत बोलत होती. "इथेच सोडून जाऊ? दर मंगळवारी मी या मास्तरांपुढे घसा कोरडा करते, यांना म्हणावं माझ्याबरोबर चला. मला एकटीला तिकडे करमायचं नाही म्हणावं. नसेल यायचं तर निदान स्वतःचा कप तरी उचलून ठेवा म्हणावं! दर मंगळवारी घरी येऊन बघते, तर आपण ढिम्म!"

"पण मास्तरला जपानी येतं हे तुला काय ठाऊक?"

"घरात मासे कोण आणतं? सगळ्या बाजाराला ठाऊक आहे! तुम्हाला इथे धाडलं ते काय इंग्रजी यावं म्हणून? म्हटलं, कुणाजवळ तरी तोंड उघडेल!"

मी मास्तरकडे वळलो. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच शब्द घेतलात ना!" मास्तर ओरडला. जपानीत. ओत्सुनेआजींच्या हेलात. "तुम्ही घाबरलात त्या परत येणार नाहीत म्हणून, त्या घाबरल्या तुम्ही येणार नाही म्हणून, आणि मी मधे बसून विचारतोय वीकेंड कसा गेला!"

मग तो थांबला. कोपऱ्यातलं पेनही थांबलं होतं.

मास्तरची नोकरी माझ्यामुळे जाणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी उठलो.

"मिझुनोबाई, हे मी शिकवलं त्याला. गुरुवारी."

"एवढ्यात?"

"हाताखालच्या पोरांना कौलं बसवायला याहून लवकर शिकवलंय."

"काजितासान, हा हेल मासळीबाजारातला आहे."

"मग मासळीबाजारातला शिकवला."

मिझुनोबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मीही मासे ओत्सुनेआजींकडूनच घेते," त्या म्हणाल्या. मास्तरनं डोळे मिटले. "पण शाळेचा नियम आहे, इथे कुणी जपानी बोलत नाही. त्यामुळे आत्ता इथे कुणीही काहीही बोललेलं नाही. डंकन, प्लीज कंटिन्यू."

आणि त्या बाहेर गेल्या.

मी कार्ड टेबलावर ठेवलं. किकुयो अजून उभीच होती.

"गुरुवारचे धडे बुडतील," मी म्हणालो.

"कुणाचे?"

"माझे. तिकडे आलो तर."

ती खाली बसली. डोळ्यांना लावायला तिनं पिशवीतून कागदी रुमाल काढले. तेच पाकीट. मी एक वापरला होता, बाकीचे तिनं जपून ठेवले होते. मास्तरनंही एक मागून घेतला. त्या दिवशी घरी मी माझा कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. (फुटला. पण ठेवला.)

जायच्या दिवसापर्यंत आम्ही घरी ते नाटक रोज केलं. किकुयो प्रवासी, मी अधिकारी. प्रश्न मला झोपेतही म्हणता येऊ लागले.

कॅनडात उतरलो. खरा अधिकारी समोर आला. माझ्यापेक्षा तरुण, पण चेहरा तसाच. त्यानं तोंड उघडायच्या आत मी खणखणीत आवाजात विचारलं, "कशासाठी आलात? किती दिवस राहणार?"

अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. मागची रांगही बघू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की उत्तरांच्या बाजूचं मी काहीच शिकलो नव्हतो.

"एकटेच आहात?" मी विचारलं, कारण पुढचा प्रश्न तो होता.

त्यानं किकुयोला विचारलं, हे गृहस्थ कोण?

किकुयोनं माझी बाही धरली आणि त्याला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "माय लगेज."

तो हसला. आमच्या दोघांच्या पासपोर्टांवर शिक्के मारले. मी काही बोललो नाही. सामान बोलत नसतं.