युसुफभाऊंचा आडवा फोन

युसुफभाऊ भर बाजारात, रस्त्याच्या कडेला आडवे पडून फोनवर बोलत. माझी आलापल्लीला नुकतीच बदली झाली होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणसाला झटका आला. मी धावत जाऊन कांदा फोडून नाकाशी धरला. डोळेही न उघडता ते म्हणाले, "सायेब, कांदा भज्यात टाका. मी टेस्टिंग करून राह्यलो."

त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गावात मोबाइल नवे होते आणि रेंज जेमतेम. फोन उभा धरला तर आवाज येई, आडवा केला की तुटे. हा युसुफभाऊंना स्वतःचाच अपमान वाटे. "मानूस काय दिवसभर उभाच राह्यते?" असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. गिऱ्हाईक बिचारं आपला रेडिओ मागायला आलेलं असे.

फोनची सरळ अँटेना काढून तिथे ते जळक्या पंख्यातल्या तांब्याच्या चार तारांचा पीळ बसवत. सरळ तार एकाच अंगाची लहर धरते, पिळाची कुठल्याही अंगाची धरते, हे त्यांचं म्हणणं. पहिला पीळ लाटण्यावर गुंडाळला. तो फोन खिशात काही जाईना. मग खडू झाला, पेन्सिल झाली. शेवटी पेनच्या रिफिलवर जमलं.

"आवाज जरासा कमी येईन, पन कसाबी धरा, तुटनार नाई!" असं म्हणत त्यांनी मला घरी ओढत नेलं.

आत त्यांच्या पत्नी, बानूबाई, पलंगावर डाव्या कुशीवर पडून होत्या. लकव्यानं त्यांना उठता येत नव्हतं, कूसही बदलता येत नव्हती. सिरोंच्याला दिलेल्या लेकीचा फोन दरवेळी 'अम्मी' म्हणेपर्यंत तुटायचा. त्या दिवशी तुटला नाही. "हाव बेटा, येऊन राह्यला आवाज," बानूबाई हसत म्हणाल्या. एक क्षण स्वस्थ न बसणारे युसुफभाऊ त्यांच्या कानाशी फोन धरून हात न हलवता उभे होते.

काही वर्षांनी पुन्हा गेलो, तेव्हा बानूबाई राहिल्या नव्हत्या. फोनच्या अँटेना आत गेल्या होत्या, गावात टॉवरही वाढले होते. लेकीचा फोन वाजला तसे युसुफभाऊ उठले आणि त्याच पलंगावर डाव्या कुशीवर आडवे झाले. बोलणं संपल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आता फोनला कसंही चालतं की!"

"फोनले चालते, सायेब," ते तसेच पडून म्हणाले. "मले नाई चालत."